उकळाबाई

तिचं खरं नाव बाजारात कुणाला आठवत नसे, आणि आठवलं तरी कुणी वापरत नसे. ती मासळीबाजाराची आरोग्य निरीक्षक होती आणि गेली एकोणीस वर्षं तिने एकच जप लावला होता: उकळा. कोळंबी घेतली? उकळा. शिंपल्या? तोंड उघडेपर्यंत उकळा, मग आणखी पाच मिनिटं उकळा, आणि ज्या उघडल्याच नाहीत त्या फेकून द्या. कालवं? उकळा, उकळा, उकळा. तेव्हा लोकांनी तिला उकळाबाई म्हणायला सुरुवात केली यात लोकांची फारशी चूक नाही. ती गाळ्यांच्या रांगेत शिरली की पहिल्या गाळ्यावरून आरोळी यायची, "आली रे आली, पाणी ठेवा!" आणि शेवटच्या गाळ्यापर्यंत हशा पोचायचा. तीही हसायची. चेष्टा करतात म्हणजे निदान ऐकतात तरी, असं तिला वाटायचं. या एका समजुतीने तिचा घात केला.

बाजारातला सगळ्यात जुना कालवांचा गाळा तिच्या बाबांचा होता. ओला सिमेंटचा ओटा, बर्फाची पाटी, वर खिळ्याला टांगलेली लिंबांची जाळी आणि एक आखूड, बोथट टोकाची सुरी. तिच्या लाकडी मुठीला बाबांच्या अंगठ्याने खळगा पडला होता. बाप विकणारा आणि लेक तपासणारी, म्हणजे घरचाच चोर-शिपायाचा खेळ. बाबा म्हणायचे, "घरी तू माझी लेक, गाळ्यावर मी तुझा आरोपी." तीही सवलत देत नसे. बर्फ कमी दिसला की बाबांनाही चारचौघांत बोलणी बसायची, आणि बाबा कान धरून उभे राहायचे.

या गाळ्याची एक रीत होती. कालवांचं नवं पोतं सोडलं की त्यातलं पहिलं कालव उघडणाऱ्याने गिऱ्हाइकांसमोर स्वतः कच्चं खायचं. त्याला नुसतं "पहिलं" म्हणत. "पहिलं झालं का?" असं गिऱ्हाईक विचारायचं, आणि झालं असेल तरच हात पुढे करायचं. पहिलं उघडण्याआधी बाबा सुरीच्या मुठीने शिंपला टकटक वाजवत. आत जीव असला की किंचित उघडा शिंपला आपसूक मिटतो. "मिटलं ते जिवंत, जिवंत ते चांगलं," हे बाबांचं वाक्य. त्यात खोटं काही नव्हतं, फक्त ते अपुरं होतं. मेलेलं कालव नासतं हे खरंच. पण समुद्राचं पाणी कोमट झालं की त्यात एक जंतू वाढतो, आणि तो जिवंत, टवटवीत, आजच्या आज काढलेल्या कालवातही मजेत राहतो. त्याला वास नाही, चव नाही. लिंबाने तो मरत नाही, बर्फाने मरत नाही, तिखटानेही मरत नाही. धडधाकट माणसाचं बहुधा तो पोट बिघडवून सोडून देतो. पण ज्याचं लिव्हर खराब आहे त्याच्या रक्तात शिरला की दोन दिवसांत होत्याचं नव्हतं करतो.

हे सगळं तिने एका पाटीवर लिहून प्रत्येक गाळ्यावर लावलं होतं. बाबांच्या गाळ्यावर लिव्हरची ओळ नेमकी लिंबांच्या जाळीमागे गेली होती. जाळी सरकवा म्हणून ती दर आठवड्याला सांगायची, आणि पुढच्या आठवड्याला जाळी परत तिथेच असायची, कारण खिळा तिथेच होता.

दोन वर्षांपूर्वी बाबांच्या पायांना सूज आली म्हणून ती त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. तपासण्या झाल्या. लिव्हर आकसलंय, डॉक्टर म्हणाले. तरुणपणी एका ऑपरेशनच्या वेळी बाबांना रक्त चढवलं होतं, त्यातून कसलीशी कावीळ शिरली असावी आणि इतकी वर्षं आतल्या आत पोखरत बसली असावी. दारूचा प्रश्नच नव्हता. बाबांनी आयुष्यात थेंब घेतला नव्हता, आणि का घेतला नव्हता तेही घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांचा बाप बाटलीपायी गेला होता, पोट फुगून, डोळे पिवळे होऊन, आणि लहानपणी बाबांना सगळे "त्या दारुड्याचा पोरगा" म्हणूनच ओळखत.

दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर बाबा बराच वेळ कागदाची घडी घालत बसले. घातलेली घडी उलगडायची, परत घालायची.

"शंखूला सांगायचं नाही," ते म्हणाले.

"बाबा, त्यात लपवण्यासारखं काय आहे? तुम्ही थोडीच प्यायलात?"

"ते तुला माहीत. बाजाराला कोण सांगणार? लिव्हर म्हटलं की लोकांना बाटलीच दिसते. जन्मभर मी त्या माणसापासून लांब पळालो. आता म्हातारपणी त्याच्याच रांगेत नको उभं करूस मला."

"निदान शंखूला तरी कळायला हवं."

"शंखूच्या पोटात काही राहतं का? त्याला सांगितलं म्हणजे दवंडीच पिटली."

हे मात्र खरं होतं. शंखू म्हणजे तिचा धाकटा भाऊ. तान्हा असताना भूक लागली की असा काही शंख करायचा की शेजारपाजारचे धावत यायचे, म्हणून नाव शंखू. आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा होता आणि ही सोळाची. त्याची वेणीफणी सोडली तर सगळं हिनेच केलं, असं बाबा गमतीने म्हणायचे, कारण शंखूला टक्कल लवकर पडलं होतं. त्याला बुटांच्या नाड्या बांधायला हिने शिकवलं, सायकल हिने शिकवली, आणि पहिल्यांदा सुरी हातात घेतली तेव्हा कापलेल्या तळव्यावर पट्टीही हिनेच बांधली. पस्तिशीचा झाला तरी तो काही सांगायचं असलं की आधी "ताई, ऐक ना" म्हणायचा. तिला स्वतःचं मूल नव्हतं. हवं असंही कधी वाटलं नाही, कारण एक होतंच.

"ठीक आहे, नाही सांगत," ती म्हणाली. "पण मग तुम्ही मला एक वचन द्यायचं. कच्चं खायचं नाही. एकही नाही."

"आणि पहिलं?"

"पहिलं तर मुळीच नाही."

बाबांनी वचन दिलं आणि पाळलंही, पण त्यांच्या पद्धतीने. पहिलं खायचं सोडलं असतं तर दहा जणांनी कारण विचारलं असतं. म्हणून सत्तरीला टेकलेला हा माणूस जादूगार झाला. पोतं सोडायचे, शिंपला वाजवायचे, उघडायचे, मान मागे टाकून ओठांशी न्यायचे. गळ्याची घाटी वरखाली व्हायची, गिऱ्हाईक "वा!" म्हणायचं, आणि कालव मात्र डाव्या मुठीतल्या ओल्या फडक्यात गेलेलं असायचं. हे तिच्याखेरीज कुणालाच दिसलं नाही. ती समोर असली की बाबा तिच्याकडे बघून हळूच एक डोळा मिचकावायचे. निरीक्षक म्हणून तिला हे खटकायला हवं होतं, कारण त्या खोट्या पहिल्याच्या भरवशावर माणसं कच्ची कालवं खात होती. खटकलंही. पण बाबा जिवंत होते, आणि त्या डोळा मिचकावण्यात दोघांचंच असं काही होतं, जे आईच्या माघारी तिला पहिल्यांदाच मिळत होतं. माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की फार वेळ लागत नाही.

मग बाबांचे हात कापायला लागले. सुरी दोनदा निसटली. एका रविवारी सकाळी गाळा शंखूच्या हाती द्यायचा असं ठरलं. दिवस उन्हाचे होते, पाणी तापलेलं. शेजारच्या गाळ्यावरची कोळंबीवाली नवी साडी नेसून आली होती, पाठीवरून बर्फाच्या लाद्या वाहणारा बर्फवाला लादी न घेता नुसताच आला होता, जुनी गिऱ्हाइकं जमली होती. शंखूने इस्त्रीचा सदरा घातला होता, आणि कालवं उघडायला इस्त्रीचा सदरा घालणाऱ्याची जेवढी टर उडवायची तेवढी सगळ्यांनी उडवून घेतली. बाबांनी सुरी त्याच्या हातात ठेवली. त्यांचा अंगठा मुठीच्या खळग्यातून निघायला जरा वेळच लागला.

शंखूने पोतं सोडलं. एक चांगलं भरदार कालव निवडून त्याने टकटक केलं. "मिटलं!" तो ओरडला. सुरी घालून त्याने ते असं उघडलं की आतलं पाणी थेंबभरही सांडलं नाही. ती चार पावलांवर तपासणीची फाइल घेऊन उभी होती. शंखूने स्वतः खाल्लं असतं तर ती नेहमीसारखी बडबडली असती आणि विषय संपला असता. पण शंखू बाबांकडे वळला.

"आजचं पहिलं मी नाही खाणार," तो म्हणाला. त्याचा आवाज नेहमीप्रमाणे अख्ख्या बाजाराला पुरेल असा होता. "आजवर यांनी आम्हाला भरवलं. आज मी यांना भरवतो."

त्याने डावा हात बाबांच्या खांद्याभोवती टाकला आणि उजव्या हाताने शिंपला त्यांच्या ओठांशी नेला. फडकं बाबांच्या मुठीत होतं, पण मूठ शंखूच्या मिठीत अडकली होती. बाबांनी त्याच्या खांद्यावरून तिच्याकडे पाहिलं. ती नजर तिला पुरती वाचता आली: इथे नको, आत्ता नको, याच्यासमोर नको.

तिने तोंड उघडलं, आणि एकोणीस वर्षांची सवय बाहेर पडली.

"उकळा!" ती ओरडली.

अख्खा बाजार फुटला. बर्फवाल्याने तर टाळीच दिली. "अगं बाई, बापाला तरी सोड!" कोळंबीवाली पदराने डोळे पुसत म्हणाली. शंखू इतका हसला की त्याच्या हातातला शिंपला हलायला लागला. बाबाही हसले, आणि हसता हसता त्यांनी ते गिळलं.

तिच्याकडे दुसरं वाक्य होतं. चारच शब्दांचं: बाबांचं लिव्हर खराब आहे. त्याला कुणी हसलं नसतं. पण ते तिनेही गिळलं.

गर्दी पांगल्यावर तिने बाबांना गाळ्यामागे गाठलं. "थुंकायचं होतं ना, बाबा!"

"लेकाच्या हातचं थुंकू?"

"मग पडायचं होतं, खोकायचं होतं, काहीही करायचं होतं."

"अगं, एकाने काय होतंय. आणि मिटलं होतं ना? मी बघितलं, चांगलं घट्ट मिटलं." बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "त्याचा चेहरा पाहिलास? बास मग."

ती त्यांच्याबरोबर घरी गेली. थंडी वाजली, अंग दुखलं, काहीही वाटलं तर ताबडतोब फोन करायचा असं तिने चारदा बजावलं. दोनदा ताप मोजला. ताप नव्हता. प्रत्येक कालवात तो जंतू थोडाच असतो, ती स्वतःला म्हणाली, शंभरांतल्या एखाद्यात. सोमवारी दुपारपर्यंतही ताप नव्हता. संध्याकाळी बाबांना हुडहुडी भरली, पण त्यांनी फोन केला नाही. पंख्याचा वारा लागला असेल म्हणून पंखा बंद केला आणि पांघरूण घेऊन पडून राहिले. आपल्या लेकीची बडबड ऐकायचा त्यांना कंटाळा आला असावा, किंवा तिला घाबरवायचं नसावं. यातलं खरं कुठलं ते आता कोण सांगणार.

मंगळवारी सकाळी सातला ती गेली तेव्हा बाबांबरोबर राहणारा शंखू बाजारात निघून गेला होता. बाबांचं अंग भाजत होतं. तिने पांघरूण बाजूला केलं. डाव्या नडगीवर जांभळा चट्टा पसरला होता आणि त्यावर काळपट रक्ताने भरलेले फोड होते. असे फोड तिने फक्त प्रशिक्षणातल्या फोटोंत पाहिले होते.

हॉस्पिटलात समोर आलेल्या पहिल्याच डॉक्टरला तिने सांगितलं, "यांचं लिव्हर आकसलेलं आहे. रविवारी सकाळी कच्चं कालव खाल्लंय." डॉक्टरीणबाईंनी एकदाच मान हलवली आणि धावाधाव सुरू झाली. जे वाक्य रविवारी घशातून निघालं नाही ते मंगळवारी एका अनोळखी बाईसमोर एका दमात निघालं. दोन दिवस उशिरा.

बाबा मधूनमधून शुद्धीवर येत होते. एकदा त्यांनी तिचं बोट धरलं. "शंखूला..."

"नाही सांगितलं, बाबा."

"शहाणी माझी," ते म्हणाले. त्यानंतर ते बोलले नाहीत. बुधवारी दुपारी, शंखू खाली औषधं आणायला गेला असताना, ते गेले. शंखू पिशवी घेऊन वर आला आणि दारातच थबकला. मग त्याने जो टाहो फोडला तो ऐकून मजल्यावरच्या सगळ्या खोल्यांची दारं उघडली. पाच वर्षांचा असताना आईसाठी तो असाच रडला होता, आणि तेव्हाही त्याला धरायला हीच होती.

असा रुग्ण गेला की हॉस्पिटल निरीक्षकाच्या ऑफिसला कळवतं. कागद तिच्याच टेबलावर आला. साहेब म्हणाले, "हे तुम्ही नका करू, मी दुसऱ्या कुणाला देतो." ती म्हणाली, "मीच करते." दुसरा कुणी गेला असता तर त्याने शंखूला आजाराविषयी विचारलं असतं, आणि ते तिला नको होतं. आता बाबा नव्हते, तेव्हा त्यांचं गुपित तरी ती सांभाळणार होती. आणि खरं सांगायचं तर तिला भीती वाटत होती. आपल्या हाताने भरवलेल्या घासाने बाप गेला हे कळल्यावर शंखू जगेल कसा, हा विचार तिला झोपू देत नव्हता.

शंखूने पोत्याची चिठ्ठी तिच्यासमोर ठेवली. कुठल्या खाडीतलं, कधी काढलं, कधी आलं, सगळं त्यावर नीट लिहिलेलं होतं. "हे घे. बर्फ भरपूर होता. पोतं सकाळीच आलं होतं. त्यातली दोनशे कालवं लोकांनी कच्ची खाल्ली, ताई. एकाचंही पोट दुखलं नाही. मग बाबांनाच का?"

तिला उत्तर माहीत होतं. "वय झालं होतं रे," ती म्हणाली.

फॉर्मवर पूर्वीच्या आजाराचा रकाना तिने ऑफिसात बसून भरला. माल नियमाप्रमाणे होता, असा शेरा पडला आणि फाइल कपाटात गेली. शंखूने त्याचा एवढाच अर्थ घेतला की आपल्या कालवांत दोष नव्हता. त्याच्या दुःखाला तेवढाच आधार होता आणि त्याने तो दोन्ही हातांनी धरला. त्याने गाळ्यावर स्वतःची एक नवी रीत सुरू केली. जो ओळखीचा येईल त्याच्या हातावर एक कच्चं कालव ठेवायचं. "घे, बाबांच्या नावाचं," तो म्हणायचा. लोक डोळे मिटून ते खायचे. नाही कोण म्हणणार?

तिसऱ्या आठवड्यात ती तपासणीला आली तेव्हा शंखूसमोर बर्फवाला उभा होता. त्या रविवारनंतर तो आजारीच होता म्हणे, बाबांना पोचवायलाही आला नव्हता. आता खांद्याची हाडं वर आली होती आणि डोळ्यांचा पांढरा भाग हळदीसारखा पिवळा दिसत होता. "कावीळ झाली होती रे, आता बरा आहे," तो शंखूला सांगत होता. "काकांना बघायलाही मिळालं नाही."

"घे," शंखू म्हणाला. "बाबांच्या नावाचं." टकटक केलं. मिटलं. उघडलं.

ती चार पावलांवर होती. हातात तीच फाइल होती.

"उकळा!" ती ओरडली.

बाजार हसला. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच हसला. "बरं वाटलं गं बाई, आवाज ऐकून," कोळंबीवाली म्हणाली. शंखूनेही ओल्या डोळ्यांनी हसून तिच्याकडे पाहिलं. बर्फवाल्याने मान मागे टाकली.

फाइल तिच्या हातून पडली. ती धावली आणि तिने शिंपल्यावर असा फटका मारला की तो ओट्यावरून उडून बर्फात जाऊन रुतला. बर्फवाल्याच्या ओठाला खरचटलं.

"ताई, काय करतेस?" शंखू म्हणाला. "बाबांच्या नावाचं होतं ते."

"बाबांचं लिव्हर खराब होतं," ती म्हणाली.

मग कोळंबीवाली हळू आवाजात म्हणाली, अगदी माया करून म्हणाली, "अरे देवा. काका पीत होते होय?"

"नाही! थेंबसुद्धा नाही. रक्तातून आलेला आजार होता तो."

"हो, हो," कोळंबीवाली म्हणाली, आणि शेजारणीकडे बघितलं. त्या एका बघण्यात बाबा आपल्या बापाच्या रांगेत जाऊन उभे राहिले. तिला ते दिसलं आणि काही करता आलं नाही.

शंखूने सुरी खाली ठेवली. "तुला कधीपासून माहीत होतं?"

"दोन वर्षं."

"त्या रविवारी माहीत होतं?"

"हो."

"तू समोर होतीस. तिथेच, आत्ता आहेस तिथे." तो नेहमीच्या आवाजात बोलत नव्हता. त्याचा एवढा बारीक आवाज तिने आयुष्यात ऐकला नव्हता. "मी त्यांच्या तोंडात घालत होतो, आणि तू नुसतं उकळा म्हणालीस."

"शंखू, बाबांनी शपथ..."

"आणि मी हसलो," शंखू म्हणाला.

ती पुढे झाली. त्याने हात आडवा धरला, मारायला नव्हे, फक्त अंतर ठेवायला. ती थांबली. बर्फवाला ओठ पुसत दोघांकडे आळीपाळीने बघत होता, आणि आपण कशातून वाचलो हे त्याला अजून पुरतं कळलं नव्हतं.

त्यानंतर शंखू तिच्याशी बोलला नाही. फोन घेतला नाही. ती घरी गेली तर दार उघडायचा, पाण्याचा पेला ठेवायचा आणि आतल्या खोलीत जायचा. पुढे तीच जाईनाशी झाली. साहेबांना सांगून तिने बाजाराची ती रांग दुसऱ्या निरीक्षकाकडे दिली. तोच तिला अधूनमधून काय काय सांगायचा. तुमच्या भावाच्या गाळ्यावर आता एक मोठं पातेलं सतत उकळत असतं, म्हणाला. पहिलं बंद केलंय. पाटीवरची जाळी काढलीय, नुसती जाळी नाही, भिंतीतला खिळाच उपटून टाकलाय. आणि गिऱ्हाईक कोणीही असो, लिव्हरचं विचारल्याशिवाय तो कालवाला हात लावत नाही. लोक चिडतात, दुसऱ्या गाळ्यावर जातात, पण तो ऐकत नाही. "एकोणीस वर्षांत तुम्हाला जमलं नाही ते त्याने करून दाखवलं," तो निरीक्षक कौतुकाने म्हणाला. बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं. ती हो म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून बसली.

पाच महिन्यांनी एका रविवारी ती बाजारात गेली. फाइल घेतली नाही, पिशवी घेतली. शंखूच्या गाळ्यासमोर सहा माणसं होती, ती सातवी उभी राहिली. पातेल्याच्या वाफेत त्याचा चेहरा नीट दिसत नव्हता. तो बारीक झाला होता. सुरी तीच होती, पण त्याचा अंगठा बाबांच्या खळग्यात बसत नसावा, कारण त्याने मुठीला कापडाची पट्टी गुंडाळली होती. प्रत्येकाला तो एकाच आवाजात, खालमानेने विचारत होता: लिव्हरचं काही? कावीळ होऊन गेलीय? साखर आहे? घरात कुणाला? एका जाडजूड माणसाने "तुला काय करायचंय?" म्हटलं, तर शंखूने कालवं परत बर्फात ठेवली आणि सांगितलं तेव्हाच पुन्हा काढली.

तिचा नंबर आला. "एक डझन दे," ती म्हणाली.

आवाज ऐकून शंखूने मान वर केली. वाफेतून तो तिच्याकडे बघत राहिला. मागच्या बाईने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. तो ताई म्हणेल, असं तिला वाटलं. एकदा म्हणाला असता तर तिने ओटा ओलांडून त्याला पोटाशी धरलं असतं.

"लिव्हरचं काही?" शंखूने विचारलं.

"नाही."

"घरात कुणाला?"

तिचा हात ओट्याच्या थंड कडेवर होता. तो तिने काढला नाही. "होतं," ती म्हणाली. "बाबांना."

शंखूने बारा कालवं मोजून पिशवीत घातली. एकेक वाजवून पाहिलं, एकेक मिटलं. पिशवीला गाठ मारली आणि ती ओट्यावरून तिच्याकडे सरकवली.

"मग उकळा, बाई," तो म्हणाला, आणि तिच्या मागच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

कुणी हसलं नाही. तिने पिशवी उचलली.